पंधरा दारांतून येणारा सूर्य



तुमच्या घराचे दार कोणत्या दिशेला आहे? “पूर्वेला,” असे तुमच्यापैकी बरेच जण चटकन सांगतील. पण ते अगदी बरोबर पूर्वेला आहे, की थोडे डावीकडे-उजवीकडे झुकलेले आहे, हे तुम्ही कधी मोजून पाहिले आहे काय? बहुधा नसेल. मीही पाहिले नव्हते. गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, परंतु आपल्याच घराचे दार मोजून पाहावे ही बुद्धी मला झाली ती घरापासून फार दूर, थायलंडमधील एका शेतकऱ्यांच्या प्रांतात, डोंगरावरच्या एका शिवमंदिरात. त्या मंदिराची आणि त्यातून येणाऱ्या सूर्याची गोष्ट आज मी तुम्हांला सांगणार आहे.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात मी वर्गात या मंदिराबद्दल बोललो होतो. “तेथे एका ओळीत पंधरा दारे आहेत. वर्षातून ठरावीक दिवशी उगवता सूर्य त्या सगळ्या दारांतून आरपार दिसतो,” असे मी सांगितले. आमचे महाविद्यालय कोल्हापुरात. तेव्हा मुलांना या गोष्टीचे फारसे नवल वाटले नाही. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव त्यांनी लहानपणापासून ऐकलेला, पाहिलेला. पण मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, त्या लोकांनी हे मुद्दाम केलं होतं, की आपोआप झालं, हे कसं ओळखायचं?”

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता आले नाही. “परत आल्यावर सांगतो,” म्हणून मी वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर आहे, असे समजा.

विझलेल्या ज्वालामुखीवरचे कैलास

थायलंडच्या ईशान्य भागात, कंबोडियाच्या सीमेला लागून बुरीराम नावाचा प्रांत आहे. बँकॉकपासून हा भाग सुमारे चारशे किलोमीटर दूर. सगळीकडे भातशेती. मी गेलो तेव्हा एप्रिल महिना होता. कापणी केव्हाच होऊन गेली होती आणि शेतांत नुसता वाळलेला धसकट उरला होता. नांग राँग नावाच्या गावापासून पुढे मागच्या बाजूस दोन बाके टाकलेल्या एका छोट्या गाडीतून मी निघालो. माणसे, भाजीच्या टोपल्या आणि एक कोंबडा असा सगळा संसार त्या गाडीत होता. मला आपल्याकडच्या वडापची आठवण झाली.

सपाट प्रदेशात मध्येच एक डोंगर दिसू लागतो. त्याचे नाव फनोम रुंग. ‘फनोम’ म्हणजे डोंगर. हा शब्द ख्मेर भाषेतला आहे आणि या भागातील कित्येक खेड्यांतून आजही ख्मेर बोली बोलली जाते. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर. हा डोंगर म्हणजे एक विझलेला ज्वालामुखी आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण जसा लाव्हारसापासून बनला, तसाच हाही. फरक एवढाच की सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि हे ज्वालामुखी त्या मानाने अगदी अलीकडचे.

या डोंगरावर १० व्या ते १३ व्या शतकांच्या दरम्यान ख्मेर राजवटीत एक शिवमंदिर उभे राहिले. आज आपण पाहतो ते मुख्य देवालय १२ व्या शतकातले. ते बांधणारा नरेंद्रादित्य हा अंगकोर वाट उभारणाऱ्या दुसऱ्या सूर्यवर्मन् राजाच्या नात्यातला. त्याच्या हिरण्य नावाच्या मुलाने कोरवून घेतलेला संस्कृत शिलालेख येथे सापडला आहे. कोठे बुरीराम आणि कोठे आपण! पण दारावरच्या शिल्पांकडे पाहिले की अंतर विसरायला होते. मुख्य दारावर दहा हातांचा नटराज आणि त्याच्या खालच्या तुळईवर शेषशायी विष्णू. ही विष्णूची तुळई १९६०च्या दशकात येथून नाहीशी झाली होती. पुढे ती अमेरिकेतील शिकागोच्या कलासंग्रहालयात आढळली आणि थाई लोकांनी आवाज उठवल्यानंतर १९८८ साली ती परत आली. आता ती पुन्हा आपल्या जागी बसवलेली आहे.

खालून वर जाताना सुमारे १६० मीटर लांबीचा एक फरसबंद रस्ता लागतो. मग नागाच्या फण्यांनी सजवलेले पूल, मग पायऱ्या, आणि शेवटी देवालय. शंकराचे कैलास पर्वतावरचे घर, अशी ही कल्पना. चढून गेल्यावर छातीचा भाता होतो, म्हणून ती चांगलीच पटते!

जांभा, वालुकाश्म आणि पाच पुस्तके

आता दगडांकडे पाहू या. पाया आणि आवाराच्या भिंती यांत जागोजाग लालसर, भोकाभोकांचा दगड दिसतो. कोकणातील वाचकांनी तो लगेच ओळखला असता. तो आपला जांभाच! ज्या उष्ण प्रदेशांत भरपूर पाऊस पडतो, तेथे पाणी खडकातील विरघळणारे घटक धुऊन नेते आणि लोहाची व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहतात. त्यातून जांभा तयार होतो. जमिनीत असताना तो मऊ असतो, सहज चिरे पाडता येतात. उघड्या हवेत वाळला की तो टणक होतो. म्हणजे कापायला सोपा आणि टिकायला चांगला. ओझे पेलण्यासाठी ख्मेर कारागिरांनी तोच निवडला. पण त्यावर नाजूक कोरीवकाम होत नाही. म्हणून जेथे शिल्पे हवीत, तेथे वालुकाश्म वापरला. याच प्रांताच्या दक्षिण टोकाला बान क्रुआत येथे वालुकाश्माची जुनी खाण आहे. कारागिरांनी चिऱ्याच्या चारही बाजूंनी पाडलेले चर तेथील खडकावर आजही दिसतात.

छपराची रचना मोठी मजेची आहे. आपण ज्याला खरी कमान म्हणतो, म्हणजे पाचरीसारखे दगड एकमेकांना रेटून धरतात ती, ख्मेर कारागीर वापरत नसत. ते दोन्ही भिंतींवर दगडांचे थर रचत आणि प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवीत. शेवटी दोन्ही बाजू वर एकत्र येत.

हे कसे तोलले जाते ते घरीच करून पहा. सारख्या आकाराची पाच पुस्तके घ्या. सगळ्यांत वरचे पुस्तक खालच्या पुस्तकाच्या काठाबाहेर जास्तीत जास्त अर्धे सरकवता येते. कारण पुस्तकाचा गुरुत्वमध्य मधोमध असतो आणि तो आधाराबाहेर गेला की पुस्तक पडते. त्याच्या खालचे पुस्तक मात्र पाव भागच सरकवता येते, त्याच्या खालचे एक षष्ठांश, आणि त्याच्या खालचे एक अष्टमांश. या चारांची बेरीज करा. १/२ + १/४ + १/६ + १/८ = २५/२४. म्हणजे वरचे पुस्तक तळाच्या, पाचव्या पुस्तकाच्या पूर्णपणे बाहेर जाते, तरी पडत नाही!

पण खाली जावे तसतशी सरकवण्याची मुभा कमी कमी होत जाते, हेही तुमच्या ध्यानात आले असेल. म्हणून असे छप्पर फार रुंद जागेवर घालता येत नाही. दारांचेही तसेच. दगड दाब उत्तम सोसतो, पण ताण सोसत नाही. दारावरची दगडी तुळई लांब केली तर ती स्वतःच्या आणि वरच्या ओझ्याने वाकू पाहते, तिच्या खालच्या अंगाला ताण पडतो आणि ती तडकते. तेव्हा दालने अरुंद आणि दारेही अरुंद. ही अडचण खरी, पण सूर्याचा खेळ साधतो तो या अरुंदपणामुळेच. तो कसा, ते आता पाहू.

फळ्यावरचे गणित

फनोम रुंगच्या मंदिराचा मध्य-अक्ष बरोबर पूर्व-पश्चिम नाही. त्याचे पूर्वेकडचे टोक सुमारे साडेपाच अंश उत्तरेकडे वळलेले आहे. या अक्षावर पंधरा दारे एकामागे एक आली आहेत आणि मध्ये गर्भगृह आहे.

सूर्य बरोबर पूर्वेला वर्षातून दोनदाच उगवतो, २१ मार्च आणि २३ सप्टेंबर यांच्या सुमारास. या दिवसांना विषुवदिन म्हणतात. २१ मार्चनंतर उगवण्याची जागा रोज थोडीथोडी उत्तरेकडे सरकते. २१ जूनच्या सुमारास ती सर्वांत उत्तरेला पोचते आणि मग मागे फिरते. विषुवदिनाच्या आसपास हे सरकणे रोज सुमारे ०.४ अंश असते.

आता त्रैराशिक मांडा. रोज ०.४ अंश, तर ५.५ अंशांना किती दिवस? ५.५ ÷ ०.४ म्हणजे साधारण १४ दिवस. २१ मार्चमध्ये १४ मिळवा. ४ एप्रिल! परतीच्या वाटेवर सूर्य याच जागी २३ सप्टेंबरच्या १४ दिवस आधी येणार, म्हणजे ९ सप्टेंबरला. आणि सूर्यास्ताचे काय? अक्षाचे पूर्वेकडचे टोक उत्तरेला वळले, तर पश्चिमेकडचे टोक तितकेच दक्षिणेला वळणार. सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेस साडेपाच अंशांवर मावळतो तो २१ मार्चच्या १४ दिवस आधी आणि २३ सप्टेंबरनंतर १४ दिवसांनी, म्हणजे ७ मार्च आणि ७ ऑक्टोबर यांच्या सुमारास.

आता प्रत्यक्ष काय दिसते ते पहा. सूर्योदय दारांतून दिसतो तो ३ ते ५ एप्रिल आणि ८ ते १० सप्टेंबर या दिवसांत. सूर्यास्त दिसतो तो ५ ते ७ मार्च आणि ५ ते ७ ऑक्टोबर या दिवसांत. चौथीच्या गणिताने आपण चारही तारखा काढल्या की नाही?

पण प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस का? सूर्याचे बिंब आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसते आणि त्याची उगवती जागा रोज ०.४ अंश सरकते. म्हणजे दुसऱ्या दिवशी बिंब स्वतःच्या रुंदीएवढेही सरकत नाही. शिवाय दारांनाही रुंदी आहे. समजा, एक मीटर रुंदीची दारे ७५ मीटर लांबीत ओळीने लावली, तर त्यांतून जेमतेम पाऊण अंशाची चीर दिसेल. अर्ध्या अंशाचे बिंब पाऊण अंशाच्या चिरेतून जायला दोन-तीन दिवसच लागणार. दारे तीन मीटर रुंद असती, तर हा देखावा आठवडाभर चालला असता आणि त्याचे कुणाला कौतुकही वाटले नसते.

माझी फजिती

हे सगळे गणित वहीत मांडून मी ४ एप्रिलला पहाटे डोंगरावर पोचलो. याच सुमारास येथे दरवर्षी उत्सव भरतो. अंधारातच शेकडो लोक पायऱ्या चढत होते. म्हाताऱ्या बाया, कडेवर मुले घेतलेले बाप, शाळेची पोरे, सगळी होती. गावातल्या शाळेचे एक शिक्षक माझ्याबरोबर होते. त्यांना थोडे इंग्रजी येत असे. मंदिराच्या पश्चिमेच्या दाराशी आम्ही जागा धरली आणि पूर्वेकडे डोळे लावून बसलो.

सहा वाजले. सूर्योदयाची वेळ होऊन गेली. दारांच्या ओळीपलीकडे नुसता राखाडी रंग. एप्रिलमध्ये या भागात हवा धुळीने आणि धुराने भरलेली असते. क्षितिजालगतचा सूर्य त्यात पार झाकला गेला होता. आठ-दहा मिनिटांनी तांबडा गोळा वर आला, पण दाराच्या उजव्या चौकटीआडून! आतल्या दगडावर उजेडाची एक बारीक कड तेवढी पडली आणि गर्दीतून ‘अरेरे’ असा सूर निघाला. भाषा कळली नाही तरी अर्थ कळला.

मी वही उघडून पुन्हा पुन्हा आकडे तपासू लागलो. जवळच आवार झाडणारे एक आजोबा उभे होते. ते माझ्याकडे पाहून काहीतरी म्हणाले. शिक्षकांनी ते मला सांगितले. “ते म्हणतात, धूर असला की एक दिवस उशिरा या. आणि उभे राहू नका, खाली बसा.”

मी विचारले, “त्यांना कसे ठाऊक?”

आजोबांना या प्रश्नाचेच आश्चर्य वाटले. “रोज इथेच असतो, दिसतं,” असे त्यांचे उत्तर.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे फरशीवर मांडी घालून बसलो. आदल्या दिवसासारखाच धूर. सूर्य तसाच उशिरा प्रकटला. पण या वेळी तो दारांच्या चिरेत आला. पंधरा चौकटी काळ्याभोर आणि त्यांच्या शेवटी वरच्या अंगाला लाल बिंब. उजेड एकेका उंबऱ्यावर पाय ठेवत यावा तसा दगडांच्या कडा उजळत आत आला. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग सूर्य वर सरकला आणि सगळे संपले.

माझे काय चुकले होते? उतरताना गाडीच्या तिकिटामागे मी हिशेब केला. सूर्य सरळ उभा वर चढत नाही, तिरपा चढतो. फनोम रुंगचा अक्षांश सुमारे १४.५ अंश आहे, आपल्या कारवारच्या जवळपास. या अक्षांशावर सूर्य एक अंश वर चढतो, तेव्हा सुमारे पाव अंश उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकतो. एक अंश चढायला सुमारे चार मिनिटे लागतात. धुरामुळे सूर्य आठ मिनिटे उशिरा दिसला, तर तेवढ्यात तो दोन अंश वर आणि अर्धा अंश उजवीकडे गेलेला असणार. पण एक दिवस थांबले, तर त्याची उगवती जागा ०.४ अंश डावीकडे सरकते. उजवीकडे ०.५, डावीकडे ०.४. जवळजवळ फिटंफाट! आणि खाली बसायचे ते का? डोळा जितका खाली, तितके दारांच्या तुळयांखालून आकाश अधिक उंचापर्यंत दिसते. सूर्य वर चढून गेला असला, तरी बसलेल्याला तो दिसतो.

आजोबांनी यांतले एकही गणित केले नव्हते. त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. मी गणित केले होते, पण पाहिले नव्हते. पदार्थविज्ञानाला दोन्ही लागते, हे मी तुम्हांला वर्गात शंभरदा सांगेन. पण मला ते खरे पटले त्या दिवशी.

डोंगराखालचे पाणी आणि पांथस्थांची घरे

डोंगराच्या पायथ्याशी काही किलोमीटरवर मुआंग तम नावाचे दुसरे मंदिर आहे. विटांची शिखरे, आणि आतल्या आवाराच्या चारही कोपऱ्यांत काटकोनात वळलेली चार तळी. तळ्यांच्या काठावरून दगडी नाग पसरलेले. शेजारीच ख्मेरांनी बांधलेला एक प्रचंड जलाशय आहे. त्याची लांबी सुमारे एक किलोमीटर भरते. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि नंतर महिनेच्या महिने कोरडे, असा हा प्रदेश आहे. तेथे पाणी अडवून ठेवणे ही देवपूजेइतकीच गरजेची गोष्ट होती.

येथून अंगकोर ते फिमाई असा जुना राजमार्ग जात असे. सातव्या जयवर्मन् राजाच्या १२ व्या शतकाच्या अखेरच्या शिलालेखांत १०२ आरोग्यशाळांचा आणि १२१ ‘वह्निगृहां’चा उल्लेख आहे. वह्निगृह म्हणजे जेथे अग्नी आहे असे घर, वाटसरूंची धर्मशाळा. त्यांपैकी १७ या एका मार्गावर होती. अशा आरोग्यशाळांची जांभ्याची छोटी देवळे फनोम रुंगच्या पायथ्याला आणि मुआंग तमच्या जवळ आजही उभी आहेत. त्या काळी या दोन ठिकाणांमध्ये सीमा नव्हती. आज आहे. २०२५ साली याच सीमेवर थायलंड आणि कंबोडिया यांच्यात लढाई झाली, आणि वादाच्या जागांमध्ये ख्मेर मंदिरेही होती. ज्या वाटेवर वाटसरूंसाठी दिवे लावले, त्याच वाटेवरची खेडी रिकामी करावी लागली. दगड हलत नाहीत, पण माणसे त्यांच्याभोवती रेघा ओढतात.

मुद्दाम की आपोआप?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू या.

पहिली गोष्ट. सूर्य दारांतून दिसतो, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. फनोम रुंगच्या अक्षांशावर सूर्याची उगवती जागा पूर्वेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २४ अंशांपर्यंत फिरते. या टप्प्यात ज्या ज्या घराचे तोंड आहे, त्या त्या घरात वर्षातून दोनदा सूर्य समोरून येणारच! त्यासाठी राजा लागत नाही की शिल्पी लागत नाही. तुमच्या-माझ्या घरातही हा किरणोत्सव होतो, आपण तो पाहत नाही एवढेच.

दुसरी गोष्ट. पंधरा दारे एका रेषेत आणणे मात्र आपोआप होत नाही. हे डोंगरावर, चढउताराच्या जागेवर, पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या बांधकामात साधणे म्हणजे दोरी आणि ओळंबा यांवर हुकमत हवी. १९७१ ते १९८८ या काळात थायलंडच्या ललितकला विभागाने येथे जीर्णोद्धार केला. पडलेला प्रत्येक दगड ओळखून, त्याला क्रमांक देऊन, मूळ जागी बसवण्याची ही पद्धत. जुन्या पायाची रेषा सरळ होती, म्हणूनच हे शक्य झाले.

तिसरी गोष्ट. साडेपाच अंशांचे वळण ही चूक असेल काय? याच शतकात, याच राजवटीत बांधलेले अंगकोर वाट पहा. विषुवदिनाच्या सुमारास त्याच्या पश्चिम दारातून पाहिले, तर सूर्य बरोबर मधल्या शिखरावर उगवताना दिसतो. ज्यांना अचूक पूर्व साधत होती, ते येथे साडेपाच अंशांनी चुकले असे म्हणणे कठीण आहे. तेव्हा हे वळण जाणूनबुजून दिलेले असणार. पण कशासाठी? सूर्यासाठी? की डोंगराच्या धारेची दिशाच तशी म्हणून? नुसत्या एका मंदिराकडे पाहून यांतले एक निवडता येत नाही. त्यासाठी शंभर मंदिरांचे अक्ष मोजले पाहिजेत. सपाट जागेवरच्या पुष्कळ मंदिरांतही हेच वळण निघाले, तर सूर्याचे पारडे जड होईल. तसे निघाले नाही, तर डोंगराचे.

म्हणजे, बाई, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे: “सुंदर आहे, म्हणून मुद्दाम केले असेल,” असे म्हणायचे नाही. आणि “मुद्दाम केले असे सिद्ध झाले नाही, म्हणून सुंदर नाही,” असेही म्हणायचे नाही. मोजायचे.

करून पहा

कोल्हापुरात मावळतीची किरणे देवीपर्यंत पोचतात ती १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी यांच्या सुमारास. २२ डिसेंबरपासून दोन्हीकडे दिवस मोजा. एकीकडे ४२, दुसरीकडे ४१. हा जवळजवळ सारखेपणा कोठून आला, हे आता तुम्हांला सांगता येईल. किरणांच्या वाटेत आलेली बांधकामे हा तेथे नेहमीच चर्चेचा विषय असतो. हजार वर्षांचा झरोका बुजायला एक मजला पुरतो, हे विसरू नका.

आता तुमचा प्रयोग. अंगणात किंवा गच्चीवर सपाट जागी एक काठी अगदी उभी रोवा. ओळंबा लावून पहा. काठीच्या बुडाशी दोरी धरून खडूने एक मोठे वर्तुळ काढा. सकाळी काठीच्या सावलीचे टोक वर्तुळाला आत शिरताना जेथे स्पर्श करील तेथे खूण करा. दुपारनंतर ते बाहेर पडताना जेथे स्पर्श करील तेथे दुसरी. दोन खुणा जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांतली, सूर्यसिद्धांतातही दिलेली, ही शंकूची रीत आहे. तिला होकायंत्र लागत नाही. जून किंवा डिसेंबरच्या अखेरीस ती सर्वांत अचूक येते, कारण तेव्हा सूर्याचे उत्तर-दक्षिण सरकणे जवळजवळ थांबलेले असते. जूनमध्ये मात्र ढग आडवे येतील, म्हणून डिसेंबरच बरा.

या रेषेवरून घराच्या दाराचा किंवा खिडकीचा कोन मोजा. वरच्या त्रैराशिकाने तारीख काढा आणि त्या दिवशी कवडसा कोठे पडतो ते पहा. सूर्याकडे सरळ पाहू नका, भिंतीवरच्या कवडशाकडेच पहा. कोन मोठा असेल, तर ०.४ चा नियम थोडा चुकेल, कारण विषुवदिनापासून दूर गेल्यावर सूर्याचे सरकणे मंदावते. किती चुकतो, तेही लिहून ठेवा.

परत आल्यावर मी माझे दार मोजले. ते पूर्वेपासून सात अंश दक्षिणेला वळलेले निघाले. वहीप्रमाणे ऑक्टोबरच्या १० तारखेला सूर्य समोरून यायला हवा होता. आला तो ९ला, कारण समोरच्या इमारतीच्या कठड्यामुळे तो उशिरा दिसला. या वेळी मला नवल वाटले नाही. मी आदल्या दिवसापासूनच उंबऱ्यावर मांडी घालून बसलो होतो.